एकाच डब्यातला

मुहर्रकच्या जुन्या गल्लीत, मोत्यांच्या एका व्यापाऱ्याच्या घरात
आता चित्रं लावतात.
भिंतींना रंग मी देतो. पांढरा.
पांढऱ्याचे सात डबे आहेत माझ्याकडे:
एक चुन्याचा, एक नासायला लागलेल्या दुधाचा,
एक नीळ जास्त पडलेल्या धोतराचा.
बाकीच्यांना नुसते नंबर.

बुदूरबाईंच्या चित्रांत या खेपेला काहीच नाही.
म्हणजे काळं आहे. नऊ फूट काळं.
आणि समोरच्या भिंतीवर
नऊ फूट पांढरं.
सोलकर म्हणाला, हे तर आपण अर्ध्या दिवसात उरकू.
मी म्हटलं, जवळ जाऊन बघ.
काळ्यात ब्रशच्या वळ्या होत्या,
ओहोटीनंतर खाडीच्या चिखलावर राहतात तशा.
सोलकर बराच वेळ उभा राहिला. मग चहाला गेला.

दुपारी बाईंनी दोन तुकडे आणले, पोस्टकार्डाएवढे,
दोन्ही राखाडी.
एक काळ्यावर लावला, एक पांढऱ्यावर.
काळ्यावरचा उजळला.
पांढऱ्यावरचा
काळवंडला.
मी म्हणणार होतो, बाई, हे केस काही उन्हानं पांढरे झाले नाहीत,
पण इथे ते उन्हानंच झालेत.
तुकडे काढून शेजारी शेजारी धरले.
एकच रंग. सकाळी मीच ढवळलेला.
परत लावले.
परत दोन झाले.

'बरशराम,' बाई म्हणाल्या (त्यांच्या जिभेला प नाही),
'सहा वर्षं मी एवढंच करतेय.'

मी शिडी पुसत बसलो.
गावी उतरलो की वहिनी म्हणते,
एसीत राहून उजळलात हो भावजी.
इथे लिफ्टमध्ये शिरलो की कुणीतरी
पिशवी या हातातून त्या हातात घेतं.

रात्री तोझ उठलं. चौकातून, फटींतून
सगळ्या घरात वाळूचं पीठ.
सकाळी काळ्या चित्रावर फिकट थर,
पांढऱ्यावर मळकट.
उद्घाटन संध्याकाळी. बाईंचा फोन तीनदा.
बकरीच्या केसांचा मऊ ब्रश घेतला,
आधी काळं झाडलं, मग पांढरं,
वरून खाली, श्वास धरून.

लादीवरची धूळ केरसुणीनं एकत्र केली.
सोलकर विचारत होता, यातली कुठली कुठली रे?
मी सुपली पुढे केली.