मूळ देशाचा दाखला

अजनीच्या डेपोत कंटेनर उतरतात भर दुपारी,
पत्र्याला हात लागला तर कातडी सोलून निघेल अशा उन्हात.
मी आत, कूलरच्या वाळ्यासमोर.
एकोणीस वर्षं एकच रकाना भरते आहे :
मूळ देश.

लाहोटी शेठनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं,
माल कुठून आला ते विचारायचं नाही, निमजे बाई,
कागद कुठून आला ते बघायचं.
पस्तीस टक्के काम त्या देशात झालं
असं तिथल्या कुणी लिहून दिलं की
सीमाशुल्क शून्य.
पस्तीस.
माझा भाऊ श्रावण दहावीत गणिताला तेवढ्यावरच सुटला होता
आणि आईनं सगळ्या तांडापेठेत पेढे वाटले होते.

सुपारी येते अशा एका बेटावरून
जिथे एवढी सुपारी पिकवायची
तर समुद्रातही झाडं लावावी लागतील.
मी शिक्का मारते. मस्कासाथेत ती फुटते,
संध्याकाळी श्रावणच्याच ठेल्यावर
खर्ऱ्याच्या पन्नीत घोटली जाते.

मागच्या पौषात साड्यांचा नमुना आला.
करवतीकाठ, पण दात छापलेले.
करवतीला तीन धोटे लागतात,
इथे एक शाई पुरली होती.
डब्याच्या पिशवीत घालून घरी नेला.
बाबांनी चिमटीत धरला, बल्बासमोर धरला,
मग जिभेला लावला.
"याले कोनं पाजलंच नाही," म्हणाले,
"आईबिगरचं हाय हे."

करार कुठे झाला मी पाहिलं नाही.
असेल एखादं थंड सभागृह,
दोन झेंडे, पाण्याच्या बुटक्या बाटल्या.
माझ्यापर्यंत फक्त अधिसूचनेचा क्रमांक पोचतो,
तो चौथ्या रकान्यात जातो.

त्याच महिन्यात श्रावणच्या दाखल्याची सुनावणी होती,
तेरावी.
पन्नासच्या आधीचा कागद आणा म्हणाले. नेला.
आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात
एका पानावर हलबा, दुसऱ्यावर कोष्टी,
मास्तर बदलला होता, आजोबा तेच होते.
मग एका मॅडमनी विचारलं,
तुमच्या लग्नांत कोणती गाणी म्हणता?
आणि बाबा, वय वर्षं एकाहत्तर,
टोपी काढून त्या टेबलासमोर गायले.
हळदीचं. बायकांचं गाणं.
मधलं एक कडवं विसरले, परत पहिल्यापासून घेतलं.
निकालात लिहून आलं :
समाधानकारक नाही.

साडीला कुणी गायला सांगितलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू,
याच शून्यावर आमची चूल पेटते.
वकिलाची फी, आईचा मोतीबिंदू,
आणि जिथे मागाचा खड्डा होता
तिथे मुरूम भरून, फरशी टाकून
उभा केलेला फ्रिज.
त्याचा कंप्रेसर कोणत्या देशाचा
मला पाठ आहे.
मी साडीवरचा कागदही त्या आठवड्यात तपासला.
निर्दोष होता. एक स्पेलिंगही चुकलेलं नव्हतं.

रात्री बाबा पायऱ्यांवर बसून
रिकाम्या हातानं कांडी भरतात,
म्हणजे अंगठा फिरतो, बाकी काही नाही.
परवा म्हणाले,
"तुयापाशी शिक्का असते ना वं?
एक मायावर मार."
मी हसले.
ते हसले नाहीत, तळहात पुढे करून बसले
बराच वेळ.

पावसाळ्यात फरशी नेमकी तिथेच खचते.
फ्रिज जरासा पुढे कलतो
आणि त्याचं दार आपोआप उघडतं.
मध्यरात्री खोलीभर उजेड होतो.
बाबा उठतात, दार लावतात,
आणि पायानं फरशी दाबून बघतात,
आधी डावा, मग उजवा,
पुन्हा डावा.