उजवी बाजू

रात्रपाळी नसते तेव्हा
पाथर्डी फाट्यावरच्या वन-बीएचकेत
मी अठ्ठ्याहत्तरची शरणपूर युनियन उभी करतो.
लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरतो.
बायको म्हणते, दळणाचा आवाज तर येतोय,
पीठ कुठंय?

आधी माणसं भरली.
गोलवर दशरथ पगारे. उडी सात, आरडाओरडा वीस.
आरडाओरड्याचा रकाना नव्हता,
तो 'नेतृत्व' मध्ये लिहिला.
डावीकडे मुश्ताक कोकणी, वेग अठरा,
शिस्त दोन, कारण गोल मारला की गडी
थेट टपरीवर चहाला.
पुढे तुळशीराम गांगुर्डे, डोक्यानं खेळणारा,
म्हणजे खरोखरच डोक्यानं,
पायाचं आणि त्याचं कधी जमलं नाही.
उजवा बॅक भिका निरभवणे, म्हणजे आमचे आण्णा.
त्यांना सगळीकडे बारा दिले.
मग तेरा केले.
मग लाज वाटून पुन्हा बारा.

पद्धत मला तोंडपाठ होती.
जेवताना आण्णा ताटातच मैदान मांडत,
चटणी इथं, लिंबाची फोड तिथं,
आणि भाताचं शित सरकायचं ते डावीकडूनच.
उजवीकडे बॉल आलाच तर एका टप्प्यात परत.
'पुण्याची पोरं वहीत उतरवून घ्यायची,' म्हणत,
आणि मैदान कालवून खाऊन टाकत.

मी तसंच लावलं.
हल्ला डावीकडून. पास आखूड. रुंदी निम्मी.
उजव्या बॅकला सूचना : बॉल जवळ ठेवू नको.
चार सामने हरलो.
पाचवा बरोबरीत सुटला, तोही
समोरच्यानं स्वतःच्याच जाळ्यात मारला म्हणून.
दर सामन्यानंतर गेममधला सहाय्यक
अदबीनं तेच सांगायचा,
उजवी बाजू रिकामी पडते आहे, साहेब.

रविवारी लॅपटॉप पिशवीत घालून
रूबेन भालेरावांकडे गेलो.
मधल्या फळीतले. पंच्याहत्तरी ओलांडलेली,
गुडघ्याला पट्टा, पायाशी मांजर.
चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले
हिरव्यावर पळणारे गोळे.
'यातला मी कोणता?'
'हा, आठ नंबर.'
'पळतोय बरा.'

मग विचारलं,
सगळा डाव डावीकडूनच, ही कल्पना कुणाची?
ते हसले, खोकले, परत हसले.
'कल्पना कसली रे.
उजव्या अंगाला बाभळी होत्या.
हे एवढाले काटे. आणि बॉल एकच.
फुटला की भद्रकालीत टाके घालायला न्यायचा,
चार दिवस खेळ बंद.
म्हणून डावीकडून.
आणि म्हणून भिकाला तिकडं उभा केला.
आत घुसून बॉल तोच आणायचा, न फुटता.
आम्ही बाहेरून ओरडायचो,
हळू, हळू, बॉलला लागेल!'

परतताना बसमध्ये
आण्णांचे हात आठवले, कोपरापर्यंत
बारीक पांढऱ्या रेघा.
सातपूरच्या लेथवरच्या समजत होतो मी इतकी वर्षं.
विचारलं कधीच नाही,
आणि त्यांनी ताटात बाभळी कधी मांडल्या नाहीत.

रात्री सगळे रकाने पुन्हा चाळले.
पाऊस आहे, वारा आहे,
गवताची उंचीसुद्धा आहे.
बाभूळ नाही.
मैदानच अरुंद करत नेलं,
नियमात बसेल तितकं.
धाडस बारावर होतं,
विसाच्या पुढं जाईना, विसावर ठेवलं.

सहाय्यक म्हणाला, उजवी बाजू रिकामी.
रिकामी नाहीये, मी म्हटलं, मोठ्यानं.
आतून बायको म्हणाली, कुणाशी बोलताय?

दोन-एकनं हरलो.
पण सत्तराव्या मिनिटाला बॉल उजवीकडून बाहेर गेला,
त्याच्यामागे दोन नंबरचा गोळा
रेषा ओलांडून गेला, स्क्रीनच्या कडेपर्यंत,
आणि बराच वेळ
आत आला नाही.