दंड रुपये पाच

कौतिकशेठनं पारोळ्यात जिनिंग काढली
तेव्हा बॉयलर म्हसावद स्टेशनावरून आला,
बारा बैलजोड्या, तीन दिवस,
बोरीच्या वाळूत एक चाक रुतलं ते वेगळंच.

यंत्रावर ओतीव अक्षरं होती, परमुलखातली.
कुणालाच वाचता येईनात.
दसऱ्याला सुपडू फिटर नेमका त्यांच्यावर शेंदूर फासायचा:
"ज्यानं हे घडवलं, त्याचीबी बोटं भाजली असतीन, भो."

मग शेठ म्युनिसिपालिटीत गेला.
चौदा कंदील उभे केले,
रॉकेलचा हिशेब स्वतः तपासला, थेंबाथेंबाचा.
पंधरावा कंदील त्याच्याच दारापुढे लागला.
लोक हसले.
तोही हसला म्हणतात, पण कंदील हलवला नाही.

परवा जुन्या दप्तरात एक पान निघालं,
कडेनं वाळवीनं खाल्लेलं:
जिनिंगची राख गटारात टाकल्याबद्दल
दंड रुपये पाच.
कसूरदार, कौतिक झिपरू वाणी.
खाली अध्यक्षाची मोडीतली सही.
तेच नाव, तेच वळण,
फक्त शेवटची वेलांटी
जरा रागानं ओढलेली,
टाकाचं टोक कागदात रुतेपर्यंत.

पैसे भरल्याची पावती
मी अजून शोधतोय.