दोन वाजून दहा

यंत्राच्या एकट्या डोळ्यावर विसंबू नका,
शेजारी पोलीस हवा,
असं राजधानीत ठरलं.
बहुमतानं, जेवणाच्या सुट्टीआधी.

म्हणून डॉरीन हुबाचेक
मेपल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, टायरच्या दुकानासमोर
सकाळी सातपासून गाडीत बसून.
वर खांबावर कॅमेरा, खाली ती.
तो पाहतो. तो पाहतोय, हे ती पाहते.

शहराला दंडाचे पैसे हवेत, पुलाचा कठडा मोडलाय.
राज्य म्हणतं, जेवढा दंड गोळा कराल
तेवढं अनुदान कापू.
या दोघांच्या भांडणात
थर्मासमधली कॉफी तेवढी गार होते.

पहिल्या आठवड्यात ती नंबरप्लेटी वाचायची.
आता माणसं वाचते:
ब्रेक दाबून तिच्याकडे ओशाळं हसणारा पाववाला,
जांभया देणारी नर्स,
आणि शववाहिका,
जिला आजवर एकही दंड झालेला नाही.

दुपारी बर्फ सुरू झाला.
भिंगावर साचला, डोळा बुजला.
तेवढ्यात एक जुना पिकअप सुसाट गेला,
ड्रायव्हरच्या शेजारी कोणीतरी पोट धरून वाकलेलं.
रस्ता हॉस्पिटलचाच.
तिनं पाहिलं. फक्त तिनंच.

एकटा कॅमेरा चालत नाही, हे कलमात आहे.
एकटी डॉरीन चालते का,
हे विचारायला सभागृहात कोणी उठलं नव्हतं.

वहीत तिनं लिहिलं: दोन वाजून दहा. बर्फ.
मग टायरवाल्याकडून शिडी मागून आणली,
वर चढली,
आणि हातमोज्यानं त्याचा डोळा पुसला,
फार घाई न करता.