लाल-पिवळा

जांबोटीच्या वळणावर, नवव्या फेरीत,
शिवलिंगप्पानं झेंडा काढला:
उभे पट्टे, लाल आणि पिवळे.
ताडपत्रीखाली भजी खात होतो आम्ही.
तोंडं थांबली.
"हितं पण?" कुणीतरी पुटपुटलं.

म्हातारा पाऊस खडी ओतल्यासारखा पडत होता.
शिवलिंगप्पाच्या मिशीतून पागोळ्या.
"घसरतंय म्हणून सांगायलोय की.
रेसमध्ये सगळीकडं हाच असतोय."

तेवढ्यात मुरारी कडोलकरची आठशे.
वायपरची मोटर तिसऱ्या फेरीतच जळालेली;
उजव्या खिडकीतून माझी सुतळी,
डावीकडं स्कूटरच्या ट्यूबची पट्टी.
ओढली की काच दिसते,
सोडली की पाणी.
एका ओढीत त्याला झेंडा दिसला असावा,
पाय उचलला त्यानं.
मागचा धारवाडवाला तसाच सुसाट,
थेट भाताच्या तरव्यात.
त्याला काढायला आम्हीच धावलो, भजीसकट.

मुरारी पाचवा आला.
झेंडा माझ्या टेंपोत राहिला,
आता उद्यमबागेत, लेथच्या वर वाळतोय.
येणारा जाणारा दारातच थबकतो,
हे काय, म्हणून विचारतो.
मी म्हणतो, आत ये,
पण जपून.
फरशीवर तेल सांडलंय.