तूट

हजेरीपटावर माझं नाव पूर्ण आहे :
रेवती इन्स्पेक्टर भोसले.

आठल्ये मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं,
वडील पोलिसांत होते का?
म्हटलं, नाही, नावच ते.
आजी पालात कळा देत होती, बाहेर झडती चाललेली.
साहेबानं आतला आवाज ऐकला, म्हणाला, उद्या येऊ.
त्या एका रात्रीच्या मोबदल्यात बापाला नाव मिळालं.
हे सगळं मनातल्या मनात.
तोंडानं एवढंच, की
पोलिसांचं येणंजाणं होतं घरी.

भोसले म्हणजे कुठले? साताऱ्याचे?
नाही, वाळकीकडचे.
तिकडेही आहेत का भोसले!
आहेत की.
मग त्या कुमठेकर रोडकडे बघत राहिल्या,
जणू तिथून कुणी येऊन उरलेलं सांगणार होतं.

तीन वर्षं कॅश काउंटरवर.
नोटा दोनदा मोजते, यंत्रात एकदा, हातानं एकदा.
हात कायम टेबलाच्या वर.
डबा खायला जाताना ड्रॉवरची किल्ली
सगळ्यांना दिसेल अशी साहेबांच्या टेबलावर.
ड्रेस शिवायला टाकते तर शिंपी म्हणतो,
ताई, हल्ली सगळ्या पोरी खिसे मागतात.
मला नको, म्हणते.
तो कापड मोजत राहतो. बिचाऱ्याला वाटतं फॅशनचं काही असेल.

मार्च अखेरीला, संध्याकाळी साडेसहाला
पाचशे रुपये कमी आले.
एकच नोट.
कुणी काही बोललं नाही. आमच्या शाखेत कुणी काही बोलत नाही.
आठल्ये मॅडमनी फक्त
टेबलावरची पर्स मांडीवर घेतली.
साहेब म्हणाले, रेवती, बघ ना जरा तुझ्याकडे.
काउंटर चार. तुझ्याकडे एक.

मी ड्रॉवर पालथा केला.
कुणी सांगितलं नव्हतं तरी पर्सही उपडी केली :
बसचा पास, सेफ्टी पिन, बडीशेपेची पुडी,
आईचा पासपोर्ट साइज फोटो, डोळे मिटलेला.
बाकीच्या पर्सा बंदच होत्या.
नियम असा, की तूट ज्याची त्यानं खिशातून भरायची.
मला त्याही वेळी हसू आलं.

शिपाई मोरघडे मोजायचं यंत्र उघडून बसला.
पट्ट्याखाली नोट अडकलेली, दुमडून,
जिभेसारखी.
अरे हे होय! म्हणाले सगळे, एका सुरात.
साहेबांनी चहा मागवला.
माझ्या कपात साखर जास्त होती, मुद्दाम घातल्यासारखी.
दुसऱ्या दिवशी आठल्ये मॅडमनी बेसनाचा लाडू दिला,
घरचा आहे गं, घे.
घेतला. खाल्ला.
चांगला होता, हीच तर अडचण आहे.
वाईट असता तर सोपं गेलं असतं.

पण त्या रात्री, लाडवाच्या आधीच्या,
बसमध्ये आईचा फोन आला.
एरवी मी आवाज खाली घेते, किंवा
मराठीत बोलते आणि आई घरच्या बोलीत उत्तर देते.
त्या दिवशी बोलले आमच्याच बोलीत, मोठ्यानं.
जेवलीस का, मार्च अखेर म्हणजे काय असतं,
आणि म्हशीचं काय झालं ते.
शेजारच्या बाईंनी फोन संपू दिला, मग म्हणाल्या,
गुजराती का तुम्ही?
हे मला नेहमी विचारतात.
आणि मी नेहमी हो म्हणते. हो म्हटलं की
ढोकळ्यावर गप्पा होतात, स्टॉप येतो.

नाही, म्हटलं. पारधी.

अच्छा, म्हणाल्या त्या.
आणि त्यांचा हात पिशवीच्या बंदावर घट्ट झाला.
किंवा बस गाडीतळाला वळली म्हणून झाला असेल.
मी बराच वेळ त्या हाताकडे पाहिलं,
नोट उजेडात धरून पाहावी तसं.
काही ठरवता आलं नाही.

गाडीतळाला वळण आहे, एवढं खरं.