विंचू

वादळात आईन पडला तो पोफळींच्या मधोमध,
एकही पोफळ न मोडता,
जणू पडण्याआधी त्याने जागा बघून ठेवली होती.
करवतीने त्याचे पाच तुकडे केले. मग ते तसेच.
जेसीबीवाला वरून डोकावला, पाणंद बघितली,
चहा पिऊन गेला.

एक ओंडका ओढायला माणसं लागतात आठ.
वाडीत आठ माणसं आहेत,
त्यांतल्या पाच जणांचे गुडघे
वेगळे मोजावे लागतात.

ह्यांनी चौतीस वर्षं एसटीच्या डेपोत
बसच्या पोटाखाली उताणी काढली.
म्हणाले, लाकूड उचलायचं नसतं.
त्याच्या एका टोकाला फक्त
जमीन विसरायला लावायची.

कुणाच्या तरी आटलेल्या बोअरचा पाइप.
तो वाकवायचा तर आत वाळू ठासावी लागते,
वाळू ओली राहिली तर पाइप फुटतो.
म्हणून किनाऱ्यावरची दोन घमेली वाळू
मी पोहे भाजावेत तशी भाजली,
मंद आचेवर, हलवत,
शिंपल्यांचे तुकडे तडतडत होते.
दोन्ही तोंडांना फणसाच्या लाकडाची बुचं,
खाली करवंट्यांचा जाळ,
आणि माडाच्या बुंध्याला टेकवून
आम्ही दोघांनी तो ओढला.
लोखंड कुरकुरलं नाही. माडालाच डाग पडला,
अजून आहे, काळ्या बांगडीसारखा.

चाकं मेटाडोरची, तिला जाऊन वीस वर्षं झालेली.
पास्कोल बंदरावरचं काम आटोपून रात्री यायचा.
त्याच्या निळ्या उजेडात आमची पडवी
क्षणाक्षणाला
नव्याने बांधल्यासारखी दिसायची.
गाडी तयार झाली. कमान, आस, दहा फुटी दांडा.
सकाळी ढकलत नेली
आणि बेड्यापाशी अडकली.
चार बोटांनी.
सगळं मोजलं होतं, गडगा मोजायचा राहिला.
पास्कोल हसला नाही. हे मी त्याचं विसरणार नाही.
त्याने आस कापली, पुन्हा जोडली,
आणि जाताना उंबऱ्यावर बसून दोन आंबोळ्या खाल्ल्या.

ओंडक्यावर गाडी मागे रेटली,
दांडा आभाळाकडे गेला.
गडग्यावरून धुरीकाका ओरडले,
"अरे, ह्यो इंचू खंयसून हाडलास?"
नाव तेच पडलं.

साखळी मी बांधली, बरोबर मध्यावर.
ओझं मध्यावर घ्यायचं, एवढंच मला ठाऊक.
मग दांड्याला लोंबकळले, खाली ओढायला.
ओंडका वीतभर उठला, विचार केला त्याने,
आणि बसला.
वर गेले ती मी.

चपला खालीच राहिल्या.
हे ओरडत होते, "सोडू नको! सोडू नको!"
सोडते कशाला.
गडग्याच्या वर माझं डोकं निघालं होतं
आणि पलीकडे खाडीचं तोंड, पूर्ण ओहोटी,
ओल्या वाळूवर कुणी बाई वाकून तिसऱ्या काढत होती.
तिने मान वर केली. मला बघितलं.
दोन्ही हात गुंतलेले,
नाहीतर हात केला असता.
या घरात येऊन एकेचाळीस वर्षं.
आपल्या बागेतून समुद्र दिसतो
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ह्यांनी मला खाली घेतलं, साखळी दोन हात पुढे सरकवली.
मग मी नुसता तळवा ठेवला
आणि ते धूड
कडेवर घेतलेल्या पोरासारखं वर आलं,
शेपूट मागे घासत.
पाणंदीच्या चिखलात एकच रेघ उमटली,
एकही पोफळ खरचटली नाही.

चार ओंडके वर आले. वखारवाला बोलणी करून गेला.
विंचू आता वाडीभर फिरतो.
परवा त्याने होडीचं इंजिन नेलं,
काल धुणं धुवायचा दगड,
मधल्या दिवसांत अंगणात उभा असतो, शेपूट वर,
आणि कोंबड्या आसेवर बसतात.

पाचवा ओंडका अजून खालीच आहे.
हे रोज विचारतात, कधी आणायचा?
मी सांगते, ओहोटी बघून ठरवू.
ओहोटीचा आणि लाकडाचा काय संबंध,
हे पुटपुटतात.

साखळी मात्र मी बांधणार.
मध्यावर.